व्हिलन अजून यायचा आहे

देवीदास शहारे यांच्या घरात टीव्हीच्या वर, खिळ्याला, एक बायकी चप्पल टांगलेली आहे. एकाच पायाची, रेक्झिनची. नवा माणूस ती पाहतो, मग देवीदासांकडे पाहतो, आणि विचारावं की नाही हे ठरवता ठरवता पाणी पिऊन टाकतो.

१९९९च्या दिवाळीनंतर एका गावच्या मंडईत देवीदास रंगमंचावर हिरोईनच्या बापाचा गळा आवळत होते. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. पाहुणे मंडईसाठी येतात आणि नाटकासाठी थांबतात. तर त्या दिवशी पुढे बसलेली एक बाई उठली आणि तिने पायातली चप्पल फेकली. ती देवीदासांच्या छातीवर लागली. त्यांनी गळा सोडला नाही. वाक्य पुरं केलं, हसले, चप्पल उचलली आणि विंगेत गेले. देवीदासांनी आयुष्यात दुसरा सत्कार घेतलेला नाही. त्यांची बायको कलाबाई म्हणतात, "दुसरी बी फेकली असती तं माह्या कामी आली असती."

कोहमाऱ्याहून आत वळलं की आमचं गाव. देवीदास दिवसा दुसऱ्यांच्या बांध्यांत, म्हणजे भातशेतांत, धान कापायचे, आणि दिवाळी ते होळी वडशाच्या एका नाटक कंपनीत व्हिलन असायचे. संध्याकाळी कोहमाऱ्याच्या चौकात कंपनीची गाडी त्यांना घ्यायला यायची. हिरोचं काम त्यांना कोणी दिलं नाही आणि त्यांनी मागितलं नाही. त्यांचं हसणं पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरायचं: आधी नाकातून, मग घशातून, मग पोटातून. ते पोटात पोचलं की मांडवाबाहेर बांधलेले बैल उठून उभे राहायचे. गावातली पोरं जेवत नसली की त्यांच्या आया देवीदासांच्या घराकडे बोट दाखवायच्या. स्वतः देवीदास घरात कोंबडी कापायची झाली की शेजारच्या ईश्वरदासला हाक मारायचे.

२०१२च्या उन्हाळ्यात हसणं घशातच अडकलं. नागपूरला ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, ओरडणं बंद, बोलणंही जपून. उरलेला आवाज सुपात तांदूळ पाखडावेत तसा होता. जवळ बसलं तरच कळायचा. दिवाळी झाली तेव्हा देवीदास दाढी करून कोहमाऱ्याला गेले आणि ढाब्याच्या खाटेवर बसले. कंपनीची गाडी आली. ड्रायव्हरने हात हलवला. गाडी गेली. देवीदासांनी चहा संपवला आणि घरी येऊन सांगितलं की ढाब्याच्या चहात आता राम राहिला नाही.

उरलं होतं गावच्या मंडळाचं नाटक. मंडळाचे अध्यक्ष बिसनलाल टेंभरे दुसऱ्याच दिवशी घरी आले आणि उभ्यानेच बोलले.

"देवीदासजी, व्हिलन औंदा भुवनेश्वरले देऊन राहिलो. पोरगा ट्रॅक्टरच्या शोरूमले असते. गळा चांगला हाय."

देवीदासांनी मान हलवली.

"तुमी पडदा सांभाळा. इज्जतीचं काम हाय. नायलॉनची दोरी हातातून सटकते, तं अंबाडीची वळून द्या. तुमच्यासारखी कोनाले जमत नाई."

पुन्हा मान.

"नाराज तं नाई ना?"

नाराजीसाठी देवीदासांकडे एक ठेवणीतलं वाक्य होतं. बऱ्याच नाटकांत त्याने टाळ्या घेतल्या होत्या. पण ते या आवाजात म्हणण्यासारखं नव्हतं.

बिसनलाल गेल्यावर कलाबाई मुलीला म्हणाल्या, "मंडईच्या दिवशी हे पडदा ओढतीन, आन् लोक विचारतीन देवीदास कुठं गेला. मले ते आयकायचं नाई." मुलगी म्हणजे खुशबू. ती गोंदियाला कॉलेजात शिकायची आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी आली होती. तिने बॅगेतून पेन ड्राइव्ह काढला.

पेन ड्राइव्ह तिच्या होस्टेलमधल्या हर्षिताचा होता. देताना हर्षिता म्हणाली होती, "देख ले. इसमें कुछ नहीं होता." तिने हे शिफारस म्हणून सांगितलं होतं.

त्यात जपानी कार्टूनची एक मालिका होती. डोंगरातलं एक गाव, तिथे छत्र्या दुरुस्त करण्याचं दुकान, दुकानात एक म्हातारा, त्याची शाळकरी नात आणि एक जाडं मांजर. म्हातारा बोलत नसे. लोक येत, बोलत, छत्री ठेवून जात. तो काड्या सरळ करी. पहिला अख्खा भाग एका छत्रीच्या मुठीवर गेला.

"कार्टून?" देवीदास म्हणाले. त्यांच्या मांडीवर अंबाडीचे पेड होते आणि पायाच्या अंगठ्याला दोरीचं टोक. हात रिकामे नसल्यामुळे त्यांना उठून जाता आलं नाही.

खाली इंग्रजी अक्षरं यायची. खुशबू ती वाचून आमच्या बोलीत सांगायची. त्यामुळे जपानातला शिक्षक झाडीबोलीत म्हणायचा, "का जी, माही छत्री झाली का?"

दुकानापाशी सायकलवरून पोस्टमन आला. त्याने पत्र ठेवलं, मांजराकडे जरा वेळ पाहिलं आणि गेला.

"हाच," देवीदास म्हणाले.

"हाच काय, बाबा?"

"व्हिलन. त्याची नजर पाह्य."

"मांजराकडं पाहून राहिला तो."

"आता मांजराकडं पाहते."

दुसऱ्या भागात पोस्टमनने मांजरासाठी सुका मासा आणला. देवीदासांनी त्याला सोडून दिलं आणि मिठाईवाल्या बाईवर संशय धरला, कारण ती जास्तच हसत होती. ती नातीला एक गोड वडी देऊन गेली. मग नदी फुगली. देवीदास म्हणाले, आता पूर येते, म्हातारा वाहून जाते. पाणी पायरीपर्यंत आलं आणि उतरलं. नातीने पायरी धुतली. पायरी धुण्याला फार वेळ दिला होता. इतका वेळ झाडीपट्टीच्या नाटकात हिरोलाही मरायला मिळत नाही.

कलाबाई तांदूळ निवडता निवडता मागे येऊन बसल्या. "छत्री शिवनं काय पाहून राहिले? गोंदियाच्या बाजारात फुकट दिसते." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "त्या मांजरानं खाल्लं का व?"

"मागच्या भागात खाल्लं, आई."

"मंग आज?"

देवीदासांना टीव्हीपुढून उठवायला म्हणून केशोराव आले. ते मंडळाचे प्रॉम्प्टर, देवीदासांचे जुने सोबती. दारातूनच म्हणाले, "जय भीम. बुढापनी कार्टून पाहून राहिला का गा? पोरं बसवू का बाजूले?"

"चूप," देवीदास म्हणाले. "छत्री उघडून राहिला तो."

केशोराव जरा टेकले. त्यांना मालिकेची नाही, खुशबूच्या वाचण्याची चीड आली. "बाई व, प्रॉम्प्टिंग मानूस बोलाच्या अगोदर असते. तू तो बोलल्यावर सांगून राहिली."

"अक्षरं तेव्हाच येतात, काका."

"मंग त्याइचा प्रॉम्प्टर कामाचा नाई." एवढं बोलून ते संध्याकाळपर्यंत बसले. जाताना म्हणाले की या गोष्टीत दम नाही, खून नाही, गाणं नाही, आणि उद्या आपण जरा लवकर येऊ.

धान कापून झालेल्या बांध्यांवर ऊन पडून असायचं. त्या घरात रोज दुपारी छत्र्या दुरुस्त व्हायच्या आणि दोरी लांबत जायची. देवीदासांनी मालिकेला एकदाही चांगलं म्हटलं नाही. एक भाग संपला की ते संशयिताचं नाव बदलायचे आणि म्हणायचे, "पुढचा लाव."

शेवटच्या भागात नात शहरातल्या शाळेत जायला निघाली. बस आली, गेली. दुकानात पहिल्या भागापासून एक निळी छत्री टांगलेली होती. तिचा मालक आलाच नव्हता. म्हाताऱ्याने ती काढली, उघडली, तिच्याखाली जरा वेळ उभा राहिला. मग मिटून परत टांगली.

"संपला?" देवीदासांनी विचारलं.

"संपला."

"व्हिलन?"

"नाही आला, बाबा."

देवीदास हातातल्या दोरीकडे पाहत बसले. सगळा वेळ त्यांची नजर टीव्हीवर होती आणि दोरीला एकही गाठ पडली नव्हती. केशोराव टीव्हीच्या काळ्या पडद्याकडे पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी देवीदास बिसनलालांकडे गेले. सोबत केशोराव होते, कारण आवाज त्यांचा लागणार होता.

"देवीदास म्हन्ते, त्याले स्टेजवर बसाचं हाय," केशोराव म्हणाले.

"डायलॉग कसा बोलन?"

"डायलॉग नको म्हन्ते."

"मंग करन काय?"

देवीदासांनी पिशवीतून दोरी काढून दाखवली.

"दोरी वळन," केशोराव म्हणाले.

"आन्?"

"वळन."

बिसनलालांनी विचार केला. नाटकात सून होती, सासू होती, इस्टेट होती, विष होतं. पाटलाच्या वाड्याचं अंगण होतं आणि अंगणात एखादा गडी असायला हरकत नव्हती. पडद्याची दोरीही अजून पुरी झाली नव्हती. "बसा," ते म्हणाले. "दोन्ही कामं होतीन."

मंडईच्या दिवशी गावात माणसांपेक्षा पाहुणे जास्त होते. दोरी नव्हती म्हणून पोरांनी वर चढून हातांनी नाटकाचा पडदा उघडला, तेव्हा अंगणाच्या कोपऱ्यात देवीदास बसले होते, अंगठ्याला दोरी अडकवून. पहिल्याच रांगेत अनुसयाबाई होत्या. देवीदासांच्या नावाने त्यांनी जितकी बोटं मोडली असतील तितकी गावात कोणी मोडली नसतील. त्या शेजारणीला म्हणाल्या, "आला पाह्य मेला."

देवीदास वळत राहिले.

"काऊन बोलून नाई राहिला?"

"दोरी वळून राहिला."

"कायले?"

शेजारणीने जरा विचार केला. "फास," ती म्हणाली.

हा शब्द मागच्या रांगांपर्यंत गेला आणि मांडव शांत झाला. आता कोणाचा, एवढंच ठरायचं होतं. सून देवीदासांच्या जवळून घागर घेऊन गेली तेव्हा बायका म्हणाल्या, पोरी, तिकडून जाऊ नको. सासरा त्यांच्याजवळ बसून पान खाऊ लागला तेव्हा माणसं म्हणाली, हा गेला. देवीदासांनी दोरी ओढून ताण पाहिला. कुणीतरी लहान मुलाचे डोळे झाकले.

भुवनेश्वरने विष कालवलं. त्याने ते चांगलं कालवलं, माइकपाशी येऊन हसलाही. हसणं त्याने रोज शोरूमच्या मागे घोटलं होतं. मधल्या रांगेतून आवाज आला, "ए, बाजूले हो ना बे. देवीदास दिसत नाई."

विंगेत केशोरावांची पंचाईत झाली होती. इतक्या वर्षांत असा नट त्यांना मिळाला नव्हता, ज्याला काही सांगायचंच नाही. शेवटी त्यांना राहवलं नाही. देवीदासांकडे पाहून ते हळूच म्हणाले, "वळ."

शेवटच्या अंकात सून निर्दोष ठरली. भुवनेश्वरला पोलीस घेऊन गेले आणि तो का जातोय हे बऱ्याच लोकांच्या लक्षात आलं नाही. सून तान्ह्या बाळाला घेऊन अंगणात आली. तेव्हा देवीदास उठले. दोरी हातात घेऊन ते तिच्या दिशेने चालू लागले.

अनुसयाबाई अर्ध्या उठल्या होत्या. त्यांचा हात पायाकडे गेला होता.

देवीदासांनी दोरी वरच्या वाशावरून टाकली, सुनेच्या खांद्यावर घडी करून टाकलेलं जुनं लुगडं खुणेनं मागून घेतलं, त्याची झोळी बांधली आणि ओढून पाहिली. मग दोन्ही हात पुढे केले. सुनेने बाळ त्यांच्या हातात दिलं. बाळ कापडाचं होतं. त्यांनी ते झोळीत ठेवलं, एक झोका दिला आणि कोपऱ्यात जाऊन बसले.

"पाळणा होय का जी," अनुसयाबाई म्हणाल्या. त्या हळू बोलल्या होत्या, पण सगळ्यांना ऐकू आलं.

आता पडदा पडायचा होता. त्याची दोरी पाळण्याला होती. पोरं पुन्हा वर चढून हातांनी पडदा सोडू लागली, आणि त्याला वेळ लागला. तोवर झोळी हलत होती. लोक बसून ती हलताना पाहत राहिले. टाळ्या वाजवायच्या की नाही हे कोणालाच नीट कळलं नाही. मागच्या रांगेतल्या एका पाहुण्याने शेवटी विचारलं, "हा कोन होता गा?"

"देवीदास," चार-पाच जणांनी एकदम सांगितलं. कलाबाईंनी ते ऐकलं आणि पदर सारखा केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बिसनलाल आले. उभ्यानेच बोलले.

"पडद्याची दोरी राहिलीच, देवीदासजी."

देवीदासांनी मान हलवली.

"घरी माही बायको मुन्नीबाई जेवाले वाढून नाई राहिली. म्हन्ते, फास नाई हे तुमाले पैलेच मालूम होतं तं सांगितलं काऊन नाई. मी तिले काय सांगू? मले कुठं मालूम होतं."

देवीदासांनी अंबाडीचे नवे पेड मांडीवर घेतले.

"पुढल्या साली बी बसा. पन पडद्याची अलग वळा. भुवनेश्वरले मी समजावतो." ते जायला वळले आणि थांबले. चपलेखाली टीव्ही चालू होता. खुशबूने मालिका पुन्हा पहिल्यापासून लावली होती. सायकलवरून एक माणूस आला, त्याने पत्र ठेवलं आणि मांजराकडे पाहिलं.

"हा कोन हाय?"

"पोस्टमन," खुशबू म्हणाली.

बिसनलालांनी जरा निरखून पाहिलं. "लुच्चा दिसते."

देवीदास खाटेवर थोडे सरकले आणि त्यांना जागा करून दिली.