पीटीच्या बाई आणि गवताचं मशीन

आमच्या पीटीच्या बाईंना फोन केला, की त्या उचलायच्या आणि चालायला लागायच्या. बोलणं लांबलं तर पलीकडून आधी त्यांच्या बुटांखालची खडी वाजायची, मग शाळेची घंटा, मग रस्त्यावरच्या रिक्षा. "बाई, कुठं निघालात?" विचारलं तर म्हणायच्या, "कुठंच नाही गं. बोल तू." डबासुद्धा त्या स्टाफरूमच्या खिडकीशी उभ्यानंच खायच्या. रविवारी चर्चमध्ये उपदेश लांबला, की मागच्या दाराशी जाऊन उभ्या राहायच्या. पाळकांनी एकदा हसत हसत कारण विचारलं, तर म्हणाल्या, "ऐकायला कान लागतात, बाक कशाला?"

मी त्यांची विद्यार्थिनी. पुढे नगरमधल्या त्याच शाळेत भूगोल शिकवायला लागले. पहिल्या दिवशी मी नवी साडी नेसून गेले होते. बाई मैदानात व्हॉलीबॉलच्या जाळीचे खांब रोवत होत्या. मला बघून एवढंच म्हणाल्या, "आलीस? पदर खोच आणि हा खांब धर." तरुणपणी त्या भालाफेकीत विद्यापीठाकडून खेळल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. दोन खोल्यांत एकट्या राहायच्या, म्हणजे रात्री झोपायला जायच्या. बाकी वेळ मैदान.

नगरच्या उन्हात मैदानावर हिरवळ टिकवणं सोपं नव्हतं. बाईंनी ती हात धुण्याच्या नळांचं पाणी वळवून जगवली होती. मुली तिच्यावर अनवाणी धावायच्या. माजी विद्यार्थिनींनी गवत कापायचं पेट्रोलचं मशीन भेट दिलं, तेव्हा ते कसं चालवायचं कुणालाच ठाऊक नव्हतं. बाई मोबाईलवरचे व्हिडिओ बघून शिकल्या. डाव्या हातानं दांडीवरचा ब्रेक दाबून धरायचा, तो सोडला की इंजिन बंद, आणि उजव्या हातानं दोरी खेचायची. इंजिन धडधडायला लागलं, की बाई मशीनमागे निघायच्या, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. तेवढा वेळ त्यांच्या चेहऱ्यावरची घाई उतरलेली असायची.

विश्वस्तांना मात्र तिथं पेव्हर ब्लॉक बसवायचे होते. चिखल नको, पाणी नको, कापणी नको. बैठकीत बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सिमेंटवर पोरगी पडली तर गुडघा कुणाचा फुटायचा?" शेवटी ठरलं, की जानेवारीतल्या क्रीडादिनापर्यंत बघायचं. मैदान नीट राखलेलं दिसलं तर राहू द्यायचं, नाहीतर ब्लॉक.

आणि नेमकं दिवाळीच्या सुटीनंतर मशीन जड झालं. बाईंनी दोरी खेचली, ती अर्ध्यावर अडकली. पुन्हा खेचली, तर मूठच हातातून निसटली. "जाम झालंय," त्या म्हणाल्या आणि तिथंच गवतात गुडघे टेकले.

पुढचे दिवस त्या मशीनच्या मागे लागल्या. आधी त्यांनी ते कलतं करून खालून पाहिलं. पात्याभोवती वाळलेल्या गवताचा लगदा बसला होता, तो खरवडून काढला. फरक नाही. मग शिपाई रावसाहेबांना धरलं. "सुटीत हे आडवं कुणी ठेवलं होतं? ऑइल आत गेलं असणार."

"म्या न्हाई ठिवलं, बाई. हात बी न्हाई लावला."

बाईंनी इंजिनाचा स्पार्क प्लग काढला. तो कोरडा होता, ऑइलचा मागमूस नव्हता. प्लग बाहेर असताना दोरी खेचली, तर ती सुळकन आली. मी योगायोगानं तिथं होते. "बघितलंस?" त्या मला म्हणाल्या. "इंजिन जाम नाही. प्लग लावला की आत हवा दाबली जाते, तेव्हाच अडतंय. वाल्वमध्ये काहीतरी असेल." मधल्या सुटीत त्यांनी झाकण उघडून वाल्वची फट पातळ पट्टीनं तपासली. बरोबर होती. ब्रेकची केबल सैल वाटली, ती ताणून घेतली. सगळं जागच्या जागी लावलं, दोरी खेचली, आणि मशीन तसंच जड.

त्यांचा जीव थाऱ्यावर राहीना. तास चालू असताना शिट्टी तोंडात धरून त्या भलतीकडेच बघायच्या. हजेरीच्या पानांवर काळे ठसे उमटायला लागले. "स्टेशन रोडवरच्या मेकॅनिकला बोलवू या का?" मी विचारलं. "मी शोधीन," त्या तुटकपणे म्हणाल्या. त्यांना सर्वात जास्त छळत होतं ते वेगळंच. मशीन कधी कधी सकाळी त्यांच्या हातून सुरू व्हायचं, दुपारी मात्र अजिबात नाही. "पूर्ण बिघडलेलं सापडतं गं. हे मधेच चालतं, मधेच नाही. याला धरायचं कुठं?"

एका सकाळी मी लवकर शाळेत पोचले. रावसाहेब मशीनपाशी होते. त्यांनी एकदाच दोरी ओढली आणि इंजिन सुरू झालं. मला पाहून ते चपापले.

"रावसाहेब, हे कसं काय?"

"मॅडम, मशीनला काय बी झालेलं न्हाई. म्या रोज बाई यायच्या आधी एका वढीत चालू करतो, गरम करून ठिवतो. गरम आसलं की त्यांना जरा हलकं जातं."

"मग त्यांना सांगितलं का नाही?"

"काय सांगू? तुमच्या हातात जोर ऱ्हायला न्हाई, आसं म्हनू? आन् ते म्या म्हनू?"

तेवढ्यात बाई फाटकातून आल्या. इंजिनाचा आवाज त्यांनी रस्त्यावरूनच ऐकला असणार. त्या जवळजवळ धावतच आल्या आणि मशीन बंद केलं. "कुणी लावलं?"

रावसाहेब मान खाली घालून म्हणाले, "म्या."

"थंड होतं?"

"व्हय."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "इंजिन निवू दे. मग तू ओढ."

त्या वेळेत त्यांनी मैदानाला किती चकरा मारल्या, कोण जाणे. मी त्या मशीनला कधी हात लावला नव्हता. पहिल्यांदा फसले, दुसऱ्या ओढीला ते सुरू झालं. बाईंनी ते बंद केलं, पुन्हा निवू दिलं आणि मग डाव्या हातात दोरीची मूठ घेतली. खेचली. इंजिन लागलं.

आम्ही तिघं त्या आवाजात उभे होतो. बाईंनी ब्रेक सोडला आणि सगळं शांत झालं. "मशीन ठीक आहे," त्या म्हणाल्या. उजवा हात त्यांनी समोर धरला, बोटं उघडली, मिटली. अंगठ्याच्या बुडाशी मांस खोल गेलेलं मला तेव्हा दिसलं. "दुखत नाही गं. दुखलं असतं तर आधीच कळलं असतं."

पुण्याच्या डॉक्टरांनी काय सांगितलं, ते बाईंनी मला मैदानाला फेऱ्या मारतानाच सांगितलं. मज्जातंतूंचा आजार. आधी हात, मग हळूहळू सगळंच. औषधानं फारसं थांबत नाही.

"पाय कधी?" मी विचारलं आणि जीभ चावली.

"तेच मी विचारलं त्यांना. सांगता येत नाही म्हणाले." एवढं बोलून त्यांनी वेग वाढवला. माझं रडणं त्यांना बघायचं नव्हतं की त्यांचं मला दाखवायचं नव्हतं, कळलं नाही. मी मागे मागे धावत राहिले.

क्रीडादिनाला मैदान एकसारखं कापलेलं होतं. दोरी रावसाहेबांनी ओढली, दांडी एकीकडून बाईंनी धरली, दुसरीकडून मी. मुली अनवाणी धावल्या. विश्वस्त बघत राहिले, आणि पेव्हर ब्लॉक फाटकापासून पायऱ्यांपर्यंतच बसले. पुढच्या जूनला बाईंनी नोकरी सोडली आणि संगमनेरला बहिणीकडे राहायला गेल्या.

मशीन माझ्याकडे आलं. त्याच्या पुढच्या वर्षी एकदा मी दोरी ओढतानाचा व्हिडिओ बाईंना पाठवला. संध्याकाळी त्यांचा आवाजी निरोप आला. शब्द जड झाले होते, मधे मधे श्वास घ्यावा लागत होता. "खांद्यानं... ओढू नको. मोडशील. कमरेतून... वळ." दुसऱ्या दिवशी मी कमरेतून वळले, पहिल्याच ओढीला इंजिन लागलं, आणि तोही व्हिडिओ पाठवला. निळ्या खुणा उमटल्या, उत्तर आलं नाही. त्यानंतर बाईंचा आवाज मी ऐकला नाही. श्रावणात त्या गेल्या.

मातीला आम्ही सगळे संगमनेरला गेलो. बहिणीनं मला बाजूला नेऊन सांगितलं, "बोलणं गेल्यावरही तुझा तो व्हिडिओ तिनं पुन्हा पुन्हा लावायला लावला. मग डोळ्यांनी दाराकडे खुणावत राहिली. आम्हाला कळेना. शेवटी उचलून ओट्यावर आणली, तर फाटकाकडे खुणावते. फाटकापाशी नेली, तर रस्त्याकडे. मग काय करणार? ह्यांनी आणि मी तिला चाकांच्या खुर्चीत बसवून ढकलत पार प्रवरेच्या पुलापर्यंत नेली. तिथं थांबलो, तर माझ्याकडे अशी रागानं बघायला लागली, की का थांबलात."