अ‍ॅश्लिंग म्हणून हाक कोणी मारली?

मंडळी, आज दुपारचं सांगते.

मला सातवा महिना चालू आहे. नवरा कीरन आयर्लंडचा. त्याच्या नावाचा अर्थ 'सावळा', पण माझ्या माहेरी सगळे त्याला सरळ किरणच म्हणतात. काल आम्ही बाळाची आयरिश नावं ठरवली. मुलगा झाला तर फिन, म्हणजे गोरा. मुलगी झाली तर अ‍ॅश्लिंग, म्हणजे स्वप्न. अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

आज डॉक्टरकडून इंदिरानगरला घरी परतले, तर मालिश करणाऱ्या सुशीलाअक्का बाहेर पायरीवर बसलेल्या. अक्का बेळगावच्या. घराची एक किल्ली त्यांच्याकडे असते.

"अक्का, आत का नाही बसलात?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "तू आत होतीस ना? कुणाला तरी हाका मारत होतीस. म्हटलं, पाहुणे असतील, स्वल्प थांबावं."

"काय हाक होती?"

"अ‍ॅश्लिन, अ‍ॅश्लिन. पोरीला जेवायला बोलवतात, तशी."

दोघींनी सगळ्या खोल्या पाहिल्या. टीव्ही बंद, खिडक्या बंद, कुणी नाही.

कीरनला फोन केला. तो म्हणाला, "नाव बदलूया."

मला पटत नाहीये. अक्का म्हणतात, त्या आवाजात माया होती. कुणी तिला आधीच त्या नावानं बोलवत असेल, तर ते बदलणारे आम्ही कोण?

तुम्ही काय केलं असतं?