भर कोर्टात बोललेलं वाक्य

बातमी छापण्याआधी वाचायची आणि तिच्यातला धोका काढून टाकायचा, हा माझा उद्योग. मी वकील आहे, पण काळा कोट चढवून उभं राहिल्याला जमाना झाला. दिल्लीतल्या द्वारकेहून नोएडाला जाते आणि दोन खोल्यांच्या ऑफिसात लाल पेन घेऊन बसते. तिथून आग्नेय आशियातल्या एका देशासाठी इंटरनेटवर साप्ताहिक निघतं. देशाचं नाव सांगत नाही, कारण आमची बातमीदार तिथंच राहते आणि तिला तिथंच राहायचंय. त्या देशात निवडणुका होतात, कोर्टं भरतात, वर्तमानपत्रंही निघतात. फक्त नको ते छापलं की खोट्या बातमीच्या कायद्याखाली समन्स येतं. आमच्या संपादकांचा परवाना तसाच गेला, म्हणून ते दिल्लीत आले.

एक सोय मात्र तिथल्या कायद्यात टिकून आहे. भर कोर्टात जे बोललं जातं ते जसंच्या तसं छापलं, तर छापणाऱ्यावर कारवाई होत नाही. आमची बातमीदार या सोयीवरच जगते. फोन बाहेर जमा करावा लागतो, म्हणून ती वहीत लिहिते, प्रत्येक वाक्याशेजारी समासात वेळ टाकते आणि बातमीबरोबर त्या पानांचे फोटो पाठवते. मला तिचं कौतुक होतं, आणि खरं सांगायचं तर तिच्या धिटाईची थोडी भीतीही वाटायची.

मोर्चा काढणाऱ्या एका शाळामास्तरावर खटला चालू होता. साक्षीला आलेला पोलीस एकदम बोलून गेला, ‘कोऱ्या कागदावर मास्तरांची सही घ्यायला मला साहेबांनी सांगितलं.’ तिने तेच वाक्य पाठवलं. ते वाचून माझंच धाबं दणाणलं. मी त्यावर लाल रेघ ओढली आणि लिहिलं, ‘जबाब नोंदवताना काही उणिवा राहिल्याचं साक्षीदाराने मान्य केलं.’ तिला न विचारता ते छापूनही टाकलं. आपण तिला वाचवलं, या समाधानात मी घरी आले.

आठवड्याने तिच्या नावाने समन्स निघालं. आरोप असा, की साक्षीदार उणिवांबद्दल काहीच बोलला नव्हता, म्हणजे बातमी खोटी. आणि ती होतीच खोटी. तिचं वाक्य कायद्याच्या आत होतं, माझं बाहेर. आता तिचं पत्रकाराचं ओळखपत्र जाणार होतं, कदाचित तीही आत जाणार होती.

माझी मुलगी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिल्लीत वाढल्यामुळे तिचं मराठी जरा खिचडीच. तिला सगळं सांगितलं. मला वाटलं, माझी समजूत काढेल. ती म्हणाली, “पण आई, तो बिल्कुल तसंच बोलला होता ना? मग तू का चेंज केलंस, यार?” इतकी वर्षं जपून वाचता वाचता माझा हात घाबरट झाला होता. मला स्वतःचा संताप आला.

सकाळी मी प्रतिज्ञापत्र लिहिलं: बदल माझा, बातमीदाराला तो माहीत नव्हता, तिची मूळ बातमी आणि वहीची पानं सोबत जोडली आहेत. संपादकांनी सावध केलं, की हे दाखल झालं तर त्या देशाचा व्हिसा मला पुन्हा मिळणार नाही आणि तिथलं दुसरं कुठलं कामही नाही. मी म्हटलं, चूक माझी, मग नाव तिचं कशाला. द्वारका कोर्टाबाहेर टेबल मांडून बसलेल्या नोटरीने एक अक्षरही न वाचता शिक्के मारले, माझी चूक निदान तिथं तरी कुणी वाचली नाही, याचं मला बरंच वाटलं.

तारखेच्या दिवशी मी ऑफिसात नुसती येरझारा घालत होते. दुपारी बातमीदाराचाच फोन आला. तिच्या वकिलाने माझा कागद पुढे केला, तेव्हा मॅजिस्ट्रेटने लिपिकाला तिची मूळ बातमी मोठ्याने वाचायला लावली आणि स्वतः साक्षीच्या नोंदीवर बोट ठेवून ऐकलं. शब्द न् शब्द जुळला. समन्स रद्द झालं. मास्तर अजून कोठडीत आहेत, पण त्याच वाक्यावर बोट ठेवून त्यांच्या वकिलाने जामीन मागितलाय.

मी माफी मागायला लागले, तर तिने मला मध्येच थांबवलं. आजच्या कामकाजाची बातमी तिने पाठवली होती. लिपिकाने वाचलेलं पोलिसाचं ते वाक्य त्या बातमीत होतं, शेजारी वेळही होती.

“आता ते कोर्टात दोनदा बोललं गेलंय, मॅडम,” ती म्हणाली. “आता तरी ठेवाल ना?”

मी हो म्हणाले, आणि संपादकांसमोरच मला रडू फुटलं.