काटे तिचे, गरे हिचे

बाळांनो, परवा तुमच्यातल्या धाकटीने तिकडून तुमच्या मराठी रॅपचा व्हिडिओ पाठवला आणि विचारलं, ‘‘गाणं कोणाचं यावरून आम्हा मुलींचं बिनसलंय. आजी, तूच सांग, नाव कोणाचं लावायचं?’’ हा निकाल मी एकदा दिलेला आहे. म्हणून आज उत्तराऐवजी हे लिहिते.

ऐंशीच्या दशकात रत्नागिरीजवळच्या आमच्या वाडीत गौरी यायच्या आधी दुपारी खळ्यात बायका जमत. सूर नाही, नुसता टाळ्यांचा ठेका आणि त्यावर भरभर टोमणे. माझ्या थोरल्या जाऊबाई टाकत:

माझ्या दारी फणस, काटे त्याला फार,
शेजारीण बोलते गोड, जिभेला तिच्या धार.

शेजारच्या काकी टाळी चुकू न देता परतवत:

फणस तुझ्या दारी, गरे माझ्या घरी,
काटे मोजत बस तू, मी खाते तोवरी.

मग हशा, आणि दर वर्षीचं ठरलेलं भांडण.

‘‘बायका हसल्या त्या माज्या उत्तराला!’’ काकी म्हणत.

‘‘मी टाकलाच नसता, तर काय परतवलं असतंस गो?’’

एका वर्षी शहरात महिला मंडळाची स्पर्धा झाली, त्यात या दोघी फणसाच्या ओळी घेऊन उतरल्या. कॉलेजात इंग्रजी शिकलेली म्हणून माइक माझ्या हाती. ‘रचना कोणाची, एकच नाव सांगा,’ असं अध्यक्षीणबाईंनी बजावलेलं. सुरुवात जिची, कविता तिची, असा विचार करून मी जाऊबाईंचं नाव पुकारलं. त्या आमच्या घरच्या होत्या हे तेव्हा मनात आलंच नाही, असं छातीठोकपणे सांगता आलं असतं तर बरं झालं असतं.

पुढच्या गौरीला जाऊबाईंनी फणस टाकला. काकी नुसत्या टाळ्या वाजवत राहिल्या.

‘‘बोल की गो!’’

‘‘नाव तुजा झाला ना? आता उत्तर पन तूच दे.’’

जाऊबाईंनी स्वतःच उत्तर म्हटलं. कोणी हसलं नाही. घरी येताना त्या मला म्हणाल्या, ‘‘नाव दिलंस, जोडीण नेलीस.’’

मी काकींकडे गेले. त्यांनी चहा केला, तुमच्या बाबांच्या खोकल्याची चौकशी केली. माझी माफी तशीच कपाशेजारी राहिली. त्या दोघी पुन्हा समोरासमोर उभ्या राहिल्या नाहीत. मग दुपारी बायका जमणंही थांबलं.

आता दोघीही नाहीत. त्यांच्या शेकडो टोमण्यांपैकी मला एवढ्या चारच ओळी येतात. पहिल्या दोन जाऊबाईंच्या, पुढच्या दोन काकींच्या.