हिराची साक्ष

बोईसरच्या त्या हॉलची आठवण निघाली की मला अजून शिसारी येते. हिरा माझी धाकटी जाऊ. तिची गोष्ट सांगते, मग तुमीच ठरवा.

आमी घिवलीचे, मासळीवर जगणारे. हिराचा नवरा आत्माराम, म्हणजे आमचे भावजी, होडीवरच कोसळले आणि त्यांचं उजवं अंग गेलं. तेव्हापासून त्यांना भरवणं, धुणं-पुसणं, कूस बदलणं, सगळं हिरा एकटी करते, वर बाजारात सुकी मासळी विकते. त्यातच बोईसरची एक गिऱ्हाईक बाई तिला प्रार्थनेला घेऊन गेली आणि हिरा येशूची झाली. घरात कटकट झाली. मीपण पुष्कळ बोलले. मी आपली गावदेवीची. पण खरं ते सांगते. आधी ती उठता-बसता कपाळ बडवायची, ते थांबलं. भावजींचं अंग पुसताना तोंडातल्या तोंडात प्रार्थना करायची, आणि त्यांच्यावर चिडायची नाय. मग मी गप्प बसले.

बोईसरच्या हॉलात प्रार्थनेला जमते ती मंडळी चालवतो तो ब्रदर धर्मेश. एकदा घरी आला. अंगणात बोंबील वाळत होते, तर पठ्ठ्या नाकाला रुमाल लावून बसला, पाण्याला शिवला नाय. आला होता कशाला? बाहेरून मोठे उपदेशक येणार होते, त्यांना कोणीतरी बरं झालेलं दाखवायचं होतं. दोघं जण भावजींना धरून मंचावर आणणार, आणि हिराने माईकवर साक्ष द्यायची की प्रार्थनेने हे चालायला लागले. हिरा म्हणाली, पण ते चालत नाय. तर म्हणतो कसा, विश्वासाने आधी बोलायचं, मग होतं. तुझा विश्वास कच्चा, म्हणूनच नवरा पडून हाय. आणि साक्ष दिली नाय, तर प्रभुभोजनाची भाकर तुला मिळणार नाय. हिराचा चेहराच उतरला. महिन्यातून एकदा येशूच्या नावाने त्याच्या माणसांनाच वाटतात त्या भाकरीसाठी ती बाजार बुडवायची. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. देव भावाचा भुकेला म्हणतात. ही माणसं मात्र टाळ्यांची भुकेली.

उपदेशक आले त्या रविवारी हिरा भावजींना घेऊन हॉलवर निघाली, त्यांना सांभाळायला मीपण गेले. नवा शर्ट चढवून दोन पोरांनी त्यांना मंचावर उभं केलं. पाय फरफटत होते, तोंडातून लाळ गळत होती, आणि खाली लोक टाळ्या पिटत होते. मेल्यांनो, मी मनात म्हटलं, माणूस हाय की बाजारात मांडलेली सुरमई? भावजींच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांना कळतं सगळं, फक्त बोलता येत नाय.

हिराने आधी पदराने त्यांचं तोंड पुसलं. मग माईक घेतला.

"हे बरे झाले नाय," ती म्हणाली. "या पोरांनी हात सोडला तर हे पडतील. प्रार्थना मी रोज करते, उद्यापण करणार. पण येशूचं नाव घेऊन खोटं बोलणार नाय."

माईक बंद पडला, की पाडला, देव जाणे. लगेच गाणं सुरू झालं. आमी भावजींना खाली आणून बसवलं. थोड्या वेळाने भाकरीचं ताट फिरलं. धर्मेश स्वतः घेऊन आला. हिराच्या अलीकडच्या बाईला भाकर दिली, मला वगळलं ते बरोबरच, पण हिराचा हात पुढे झालेला दिसत असताना तो तिला ओलांडून गेला. इतकी किळस मला सडक्या मासळीची कधी आली नाय.

मी तिचा दंड धरला. म्हटलं, ऊठ, या घाणीत पुन्हा पाय ठेवायचा नाय.

तिने तो रिकामा हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. डोळे भरले होते.

"जाऊबाई," ती म्हणाली, "मी धर्मेशकडे कधी आले होते?"

आणि मान खाली घालून ती प्रार्थनेला लागली. तिचं आटपेपर्यंत मी भावजींना टेकू देऊन तिथेच बसून राहिले.