पहिल्या बाणाचा मान

दसरा. सकाळची कामं उरकून मी गच्चीवर कापूस वाळत घातला आणि संध्याकाळी आमच्या ह्यांनी तो जाळला. सगळ्या गावासमोर, नगरपंचायतीच्या रीतसर परवानगीने, गळ्यात हार घालून.

कापूस साधा नव्हता. आमच्या पल्लवीचं लग्न दिवाळीनंतर ठरलं होतं, आणि लेकीसोबत घरच्या कापसाची गादी येणार असं मी सोनपेठच्या विहीणबाईंना फोनवर सांगून बसले होते. (त्यांनी विचारलं नव्हतं. मीच सांगितलं.) यंदा रानात सगळं सोयाबीन, म्हणून गेल्या सालचा कापूस सरकी काढून जपून ठेवलेला. पावसाळ्यात त्याला जरा ओल धरली होती. गाद्या भरणारा पिंजारी दुसऱ्या दिवशी सकाळी ताडकळसहून येणार होता. "ताई, ह्यो एकच दिवस हाय माज्याकडं. फुडं लगीनसराईत मला डोकं वर काढायला सवड न्हाई," असं त्याने आधीच बजावलं होतं.

आता बाणाचं सांगते. आमच्या गावात लोक सीमोल्लंघन करून परतले, की चौकात शोभेची दारू उडवतात. पहिला बाण लावायचा मान असतो. तो मान आमच्या घराचा. समोरच्या आळीतले बळीराम आबा म्हणतात, त्यांच्या घराचा. (आबा काहीही म्हणतात.) यंदा नगरपंचायतीने चौकातला रस्ता बंद करून कार्यक्रमाला परवानगी दिली, आणि नव्या साहेबांनी जाहीर केलं की पहिला बाण नगरपंचायतीचा शिपाई लावील!

आमचे हे म्हणाले, "जाऊ दे ना. बाणाला काय कळायलंय कुणी लावला ते?"

बाणाला कळत नसेल, मला कळत होतं. मी कचेरीत जाऊन साहेबांच्या टेबलासमोर बसले आणि ते 'हो' म्हणेपर्यंत उठले नाही. त्यांची जेवणाची वेळ टळून गेली, तेव्हा ते 'हो' म्हणाले.

संध्याकाळी खरं तर कापूस खाली आणायचा होता. पण मी पोती भरत बसले असते, तर मान कुणी बघितला असता? वाऱ्याने उडू नये म्हणून कापसावर एक जुनी नायलॉनची साडी पसरली, चार विटा ठेवल्या आणि चौकात गेले. (नायलॉन विस्तवाला किती आवडतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.)

चौकात बंदोबस्त चोख होता. अग्निशमनची गाडीसुद्धा आणून ठेवली होती. नीट दिसावं म्हणून निम्मं गाव तिच्यावर चढून बसलं होतं. माइकवर नाव पुकारलं गेलं, "पहिल्या बाणाचे मानकरी, आपले नाना!" ह्यांना हार घातला. ह्यांनी बाटलीत बाण उभा केला, एका हाताने बाटली धरली आणि दुसऱ्या हाताने वात पेटवली. नेमक्या त्याच वेळी, फोटोत तोंड दिसायला पाहिजे म्हणून, मी ओरडले, "अहो, हिकडं बघा!"

ह्यांनी बघितलं. तीस वर्षांच्या संसारात माझं पहिल्या हाकेला ऐकल्याचा हा एकमेव प्रसंग. हे वळले, हातातली बाटलीही कलली, आणि बाण सरळ आमच्या घराच्या दिशेने गेला.

"वा! नानांचा बाण थेट नानांच्याच गच्चीवर! वाजवा टाळ्या!" माइकवाला ओरडला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग धूर दिसला.

अग्निशमनची गाडी हलेना, कारण वरचे लोक उतरेनात. आग तिथून छान दिसत होती! आम्ही धावत घरी पोचेपर्यंत पल्लवीने गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्याने सगळं विझवलं होतं. कापसाचा काळा चिखल झाला होता. हातात बादली घेऊन ती म्हणाली, "आई, माझी गादी जरा पातळ झालीय."

मी तशीच चौकात परत आले. साहेब जिलेबी खात होते.

"साहेब, परवानगी कुणाची?"

"नगरपंचायतीची."

"रस्ता कुणाचा?"

"नगरपंचायतीचा."

"मग माझा कापूस नगरपंचायतीनंच भरून द्यायचा!"

साहेबांनी जिलेबी खाली ठेवली. "वहिनी, परवानगी बाण रस्त्यावर लावायची होती. गच्चीवर पडायची नव्हती."

"मग ते बाणाला सांगायचं तुमी!"

लोक हसले. साहेब नवे असले तरी कच्चे नव्हते. ते म्हणाले, "एकच सांगा. नानांनी बाण लावला तो कोण म्हणून? आमच्या शिपायाच्या जागी, नगरपंचायतीचा माणूस म्हणून लावला असेल, तर जबाबदारी आमची. उद्या सकाळी तुमच्या दारात कापूस पोचवतो. पण घराण्याच्या मानाने लावला असेल, तर बाण तुमचा आणि आगही तुमची."

"नगरपंचायतीचा माणूस!" हे ताबडतोब म्हणाले आणि हार काढून हातात घेतला. "शिपाईच समजा मला."

मीही मान हलवणारच होते. बाजारचा असो की नगरपंचायतीचा, खोळीत शिरला की कापूस घरचाच! विहीणबाई काय खोळ उसवून बघणार होत्या? तेवढ्यात गर्दीतून बळीराम आबा पुढे आले.

"बरं झालं वहिनी, नानांनीच तोंडानं सांगितलं. म्हंजे मान तुमच्या घरचा न्हाईच. साहेब, फुडल्या साली आमचं नाव घ्या. आणि वहिनी, गादी लय मऊ करा बरं का! मान देऊन घेतलेली हाय!"

सगळा चौक माझ्याकडे बघत होता. पल्लवीच्या गादीचा प्रश्न होता. पिंजारी सकाळी येणार होता. शहाण्या बाईने काय बोलावं हे मला अगदी स्पष्ट दिसत होतं.

"मान आमचाच हाय!" मी म्हटलं. "बाणबी आमचा आणि आगबी आमची!"

चौकात टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांनी सगळ्यांत जोरात वाजवल्या, आणि ह्यांच्या हातातला हार घेऊन स्वतः ह्यांच्या गळ्यात परत घातला.

"अगं, पण कापूस..." हे पुटपुटले.

"गप ऱ्हावा. मानकरी हाव तुमी."

दुसऱ्या दिवशी सकाळी पिंजारी आला. "कुठाय कापूस, ताई?" मी कात्री घेतली, आमच्या दोघांच्या पलंगावरची गादी अंगणात ओढली आणि उसवून त्याच्यापुढे मोकळी केली. तोही घरचाच कापूस होता, आमच्याच रानातला. फक्त त्यावर इतकी वर्षं आम्ही झोपलो होतो, एवढंच. पिंजून निघाल्यावर तो असा फुलला की पल्लवीची गादी झाली आणि वर दोन उशाही भरल्या.

हे दारात उभे राहून सगळं बघत होते. "आणि आपण?" त्यांनी विचारलं.

मी कपाटातून सतरंजी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती रिकाम्या पलंगाच्या फळ्यांवर अंथरली, चारी कोपरे ओढून सारखे केले आणि अदबीने बाजूला झाले.

"लय मानाची हाय," ते म्हणाले. "आधी तुमी बसा."

मी बसले. घरात मऊ असं दुसरं काही उरलंच नव्हतं.