मामांनी उलटी चढवलेली गाडी

मामांना काही विचारायची सोय नाही. तुमचं तोंड उघडायच्या आत उत्तर तयार: "आपली हयात गेली यात." नळ गळत असेल तर नळात, दाढ दुखत असेल तर दाढेत.

त्यांच्या पिकअपचीही हयात गेलेलीच. शेजारच्या सीटचं दार दोरीने बांधलेलं आणि आरसा एकच, तोही मामांना स्वतःचा भांग दिसेल असा वळवलेला.

मामींच्या गाडीचा गिअरबॉक्स बसला. त्याच गाडीतून मामी गल्लीतली मुलं शाळेत सोडतात आणि त्यावरच घर चालतं. मामांच्या हयातीत पगार काही बसला नाही. गॅरेज टेकडीपलीकडे. मामी गाडी ओढून न्यायला टोचनवाल्याला बोलावणार, तर मामा दुखावले. "घरात पिकअप असताना परका माणूस?"

शेजाऱ्यांचा ट्रेलर आणून पिकअपच्या मागे जोडला. गल्लीने ढकलून गाडी वर चढवली, तीही उलटी: तोंड मागे, शेपूट पुढे.

"अहो, इंजिनचं वजन मागे गेलं. पिकअपचं बूड उचललंय बघा."

"अगं, उतरवताना सोपं. तिथे पोचलो की आत बसायचं आणि सरळ चालवत खाली."

"चालत असती तर इथूनच नसती का नेली?"

मामा गाडी बांधलेला पट्टा ओढून बघू लागले. म्हणजे ऐकू आलं नाही.

मामी शेजारी बसल्या. चढ कसाबसा निभला. उतार लागला आणि ट्रेलर डुलायला लागला, आधी हळू, मग पिकअपलाच इकडून तिकडे झोडपायला लागला. मामा पांढरेफटक.

"वारा आहे," म्हणाले. झाडाचं पान हलत नव्हतं.

"ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा आधी. ब्रेक दाबू नका, आपोआप हळू होऊ दे."

पहिल्यांदाच त्यांनी ऐकलं. ट्रेलर कडेच्या मातीत रुतून थांबला. एक पट्टा तुटला होता, पण गाडी धड होती. मामींनी तिच्यावरून हात फिरवला आणि टोचनवाल्याला फोन लावला.

"बघितलंस, कशी थांबवली?" मामा म्हणाले.

टोचनवाल्याने गाडी नेली. मागून मामा रिकामा ट्रेलर खडखडवत, हॉर्न वाजवत आले. गॅरेजवाल्याला म्हणाले, "आणली बघा सुखरूप. आपली हयात गेली यात."

मामींनी हात पुढे केला. "पिकअपची चावी."

"अगं, तुला हिचा क्लच..."

"दोरी धरून बसा."

मामा दोरी धरून बसले. मामींनी आरसा त्यांच्या भांगावरून काढला आणि रस्त्याकडे वळवला.